परवडणारा डिफरन्शियल लॉकर कसा निवडावा

कराडच्या पश्चिमेला आमच्या शेताकडे जाणारी पाणंद गाळप हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी दबते आणि पहिल्या मोठ्या पावसात तिच्या चाकोऱ्यांचे गुडघाभर खोल ओघळ होतात. अशाच एका ओघळावर माझी जुनी जीप तिरकी अडकली. फोर व्हील ड्राइव्ह लावलेले होते, लो गिअर पडलेला होता, तरीही पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक हवेत गरगर फिरत राहिले आणि उरलेली दोन चाके कोरड्या मुरमावर घट्ट बसूनही जागची हलली नाहीत. शेजारच्या वस्तीवरचे तात्या ट्रॅक्टर घेऊन आले, त्यांनी चाकांकडे वाकून पाहिले आणि विचारले, "तुझ्या गाडीला लॉकचं पेडल न्हाई व्हय रं?" मला ओढून काढल्यावर त्यांनी स्वतःचा ट्रॅक्टर त्याच ओघळातून टाचेखालचे ते छोटे पेडल दाबून सरळ पार नेला.

तात्यांच्या टाचेखालची ती गोष्ट म्हणजेच डिफरन्शियल लॉक, म्हणजे एका एक्सलवरची दोन्ही चाके एकत्र फिरायला लावणारी कळ होय. सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याला ती ट्रॅक्टरमुळे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, परंतु जीप, जिप्सी किंवा थार घेऊन डोंगरवाटांना लागलेल्या नवख्या माणसाला मात्र ती बहुधा जाहिरातीतून कळते, आणि मग तो सर्वांत महाग लॉकर घेतो किंवा सर्वांत स्वस्त उपाय करून बसतो. या दोन्ही चुका टाळता याव्यात, यासाठी हा लेख पायरीपायरीने लिहिला आहे.

आधी यंत्रणा समजून घ्या

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. एकाच एक्सलवरची दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकावीत, यासाठी पिनियन या लहान गिअरकडून ताकद घेणाऱ्या क्राऊन व्हील या मोठ्या गिअरच्या केजमध्ये, म्हणजे पिंजऱ्यात, चार लहान गिअर बसवलेले असतात. त्यांपैकी दोन, म्हणजे साइड गिअर, हाफ शाफ्टांना, म्हणजे चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांना, जोडलेले असतात आणि उरलेले दोन, म्हणजे स्पायडर गिअर, त्यांच्या मध्ये आडव्या पिनवर फिरतात. या साध्या रचनेला ओपन डिफरन्शियल म्हणतात. ही रचना दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते, आणि तिची अडचणही नेमकी तीच आहे. समजा, चिखलातले चाक घसरण्यापूर्वी जेमतेम १०० न्यूटन-मीटर टॉर्क पेलते आणि दुसरे चाक कोरड्या खडकावर असल्याने ८०० पेलू शकते. ओपन डिफरन्शियलमध्ये चिखलातल्या चाकाने १०० वर हात टेकले की खडकावरच्या चाकालाही १०० च मिळतात, म्हणजे गाडीला एकूण २००. दोन्ही हाफ शाफ्ट एकमेकांना जखडले तर तीच बेरीज ९०० होते. चाक पूर्ण हवेत असेल तर त्याची पकड शून्य, म्हणून दुसऱ्याच्या वाट्यालाही जवळजवळ शून्यच येते. माझ्या जीपचे त्या दिवशी हेच झाले होते.

येथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. जुन्या पद्धतीच्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढेमागे वाटणारी गिअरपेटी, पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना जखडते, परंतु प्रत्येक एक्सलमधली दोन चाके मोकळीच राहतात. त्यामुळे पुढचे एक आणि मागचे एक, अशी तिरकस समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाके एकाच वेळी उचलली गेली की चार चाकी ताकदीची गाडीही थांबते. मात्र या दोहोंपैकी कोणताही एक एक्सल लॉक झाला तरी ती निघते. म्हणून बजेट मर्यादित असेल तर दोन लॉकरांचा विचार सोडून द्यावा; एक लॉकर विचारपूर्वक निवडला तर पाणंदीचे आणि घाटमाथ्याचे बहुतेक प्रसंग त्यात भागतात.

पहिली पायरी: आपल्या गाडीत आधीच काय आहे ते पाहा

काही गाड्यांमध्ये लॉक कंपनीकडूनच बसवलेला असतो आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. फोर्सच्या गुरखामध्ये २०१३ पासून पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही एक्सलांना हाताने लावायचे लॉक मिळत आले आहेत. महिंद्राच्या थारमध्ये २०१५ च्या सुधारित गाडीपासून मागच्या एक्सलला आपोआप लागणारा यांत्रिक लॉक आला. २०२० नंतरच्या थारमध्ये काही प्रकारांना हा यांत्रिक लॉक आहे, तर काहींना ब्रेकच्या साह्याने चालणारी व्यवस्था आहे. थार रॉक्सच्या फोर बाय फोर प्रकारांत मागे विजेवर चालणारा लॉक दिलेला आहे. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीत खरा लॉक नाही. फिरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो आणि त्यामुळे ताकद दुसऱ्या चाकाकडे वळते. जुनी जिप्सी आणि जुन्या जीप यांचे डिफरन्शियल मात्र पुढेमागे ओपनच असते.

सेकंडहँड गाडी घेतली असेल तर स्वतः खात्री करावी. पुढच्या चाकांना दगड लावावेत, मागचा एक्सल दोन स्टँडवर उचलावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरले तर डिफरन्शियल ओपन आहे. त्याच दिशेने फिरले तर आत लॉकर, लिमिटेड स्लिप किंवा कोणीतरी केलेले वेल्डिंग आहे. थारमधला यांत्रिक लॉक या चाचणीत ओपनच भासतो, कारण तो दोन चाकांच्या गतीत बराच फरक पडल्याशिवाय लागत नाही. म्हणून तेथे गाडीचा प्रकार आणि कागदपत्रेच तपासावीत.

ज्यांच्याकडे असा आपोआप लागणारा यांत्रिक लॉक आहे, त्यांची एक तक्रार मी वारंवार ऐकतो की "लॉक लागतच नाही." चाक फिरू लागताच ते घाबरून ॲक्सिलरेटर सोडतात. आतल्या छोट्या वजनी गव्हर्नरला गतीतला फरक कळण्यासाठी चाक क्षणभर मोकळे फिरावे लागते, तेव्हा ॲक्सिलरेटर हळूहळू आणि स्थिर वाढवावा. खालून 'खट्' असा आवाज येतो आणि गाडी पुढे सरते. जिम्नीसारख्या गाडीतही ॲक्सिलरेटर स्थिर धरावा लागतो, नाहीतर संगणक ब्रेक लावतो तोवर चालकाने पाय उचललेला असतो. या गाड्यांच्या मालकांनी वेगळा लॉकर घेण्यापूर्वी आहे त्या व्यवस्थेचा एक पावसाळाभर सराव करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: गाडी कुठे आणि का अडते ते लिहून ठेवा

गाडी प्रत्येक वेळी अडल्यावर उतरून कोणते चाक फिरत आहे ते पाहावे आणि वहीत लिहावे. ही सवय क्षुल्लक वाटली तरी निवड बहुतांशी तिच्यावरच ठरते. आपल्या दोन जिल्ह्यांतली जमीन एकसारखी नाही. वाळवा, पलूस, मिरजेकडच्या काळ्या जमिनीत पावसानंतर वाफसा येईपर्यंत चारही चाके एकदम रुततात, टायरच्या खाचा मातीने भरून टायर गुळगुळीत होतो आणि तेथे लॉकरने चारही चाके एकदम फिरवली तरी गाडी खोलच जाते. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे जांभ्याचे दगड, लाल चिखल आणि पाण्याने कापलेले चढ आहेत. तेथे चाक उचलले जाते आणि लॉकरचा खरा उपयोग तेथेच होतो. जत-आटपाडीकडच्या मुरमाड ओढ्यांत कोरड्या वाळूचे दिवस जास्त, आणि वाळूत टायरमधली हवा कमी करणे हाच पहिला उपाय असतो.

म्हणून लॉकरच्या आधी टायरकडे पाहावे. रस्त्यावर ३० पीएसआयच्या आसपास हवा असलेला टायर १८ पर्यंत उतरवला की त्याचा जमिनीवरचा ठसा लांबतो आणि तो दगडाला बिलगतो. यासाठी लागतो तो फक्त एक हवेचा गेज आणि परतताना हवा भरायला छोटा पंप. बरे खडबडीत टायर, पुढेमागे गाडीच्या चासीला नीट बोल्ट केलेले टो हूक आणि एक चांगला ओढपट्टा एवढे होईपर्यंत लॉकरवर पैसे घालू नयेत.

दुसरा एक बिनखर्चाचा उपाय आहे. मागचे एक चाक हवेत फिरत असेल तर हँडब्रेक दोन-तीन खाचा ओढून ॲक्सिलरेटर हळू द्यावा. ब्रेकच्या विरोधामुळे त्या चाकावर भार येतो आणि तेवढाच टॉर्क दुसऱ्या चाकालाही मिळतो, पण हँडब्रेक त्या दुसऱ्या चाकालाही अडवतो, म्हणून मदत झालीच तर थोडीच होते. हा उपाय हँडब्रेक मागच्या ड्रमवर काम करत असेल तरच लागू पडतो. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. तो दोन्ही चाकांना मिळून अडवतो, त्यामुळे तेथे त्याचा उपयोग नाही.

हे सारे करूनही वहीत "एक चाक हवेत, दुसरे कोरड्यावर" अशाच नोंदी पुन्हा पुन्हा येत असतील, तर पुढची पायरी चढावी.

तिसरी पायरी: प्रकार ओळखा

सर्वांत स्वस्त म्हणून जो उपाय अनेक गॅरेजांत सुचवला जातो, तो आधी बाजूला काढतो. स्पायडर गिअर वेल्डिंग करून जखडून टाकले की दोन-तीन हजारांत डिफरन्शियल कायमचे लॉक होते. शेतात किंवा बंद मैदानात चालवायच्या गाडीसाठी ते एक वेळ ठीक, परंतु रस्त्यावर ते धोकादायक आहे. प्रत्येक वळणावर आतले चाक फरफटते, टायर झिजतात, हाफ शाफ्ट पिळवटत राहतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळण्याऐवजी नाकासमोर सरकू पाहते. अशा गाडीत मी एकदा यवतेश्वरचा घाट श्रावणातल्या पावसात उतरलो आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवले होते आणि गाडी कठड्याच्या दिशेने सरकत होती. ताशी २० किलोमीटरच्या आत वेग होता म्हणूनच ती थांबली. साताऱ्याहून बऱ्याच आडवाटांना जायचे तर आधी घाट चढावाउतरावा लागतो, म्हणून आपल्याकडच्या नवख्याने वेल्डिंगचा विचार मनातूनच काढून टाकावा.

लिमिटेड स्लिप हा दुसरा प्रकार. त्यात क्लच प्लेटांच्या किंवा विशिष्ट दातांच्या गिअरांच्या घर्षणाने दोन चाकांतला फरक काही प्रमाणात रोखला जातो. रस्त्यावर तो अगदी सौम्य वागतो, चिखलात थोडी मदतही करतो, परंतु चाक पूर्ण हवेत गेले की बहुतांश निष्प्रभ ठरतो. प्लेटांचा प्रकार झिजतो आणि त्याला विशिष्ट तेल लागते. तिरकस उचल हीच अडचण असलेल्या माणसाने त्यावर पैसे घालू नयेत.

तिसरा प्रकार आपोआप चालणाऱ्या लॉकरांचा, आणि परवडणाऱ्या निवडीचा खरा विचार येथूनच सुरू होतो. यात पुन्हा दोन भाग पडतात. पहिला भाग लंचबॉक्स लॉकर या नावाने ओळखला जातो. लॉक-राइट, ऑसी लॉकर आणि स्पार्टन ही त्यातली जुनी नावे. यात जुने केज तसेच राहते, फक्त आतले चार गिअर काढून त्यांच्या जागी दात असलेल्या चकत्या बसवल्या जातात. क्राऊन आणि पिनियनला हात लागत नाही, त्यामुळे बारकाईने काम करणारा कोणताही मिस्त्री एका दिवसात हे काम करू शकतो आणि मजुरीचा मोठा खर्च वाचतो. डेट्रॉइट लॉकरसारख्या दुसऱ्या भागात पूर्ण केजच बदलते. ते अधिक दणकट असते, पण किंमत आणि मजुरी दोन्ही वाढतात.

या दोहोंचे काम एकाच तत्त्वावर चालते. दोन्ही चाके नेहमी जखडलेली असतात. वळणावर बाहेरचे चाक क्राऊनपेक्षा पुढे धावू लागले की त्या बाजूचे दात एकमेकांवरून घसरून सुटतात आणि वळण संपले की पुन्हा अडकतात. म्हणून पेट्रोल पंपावर गाडी वळवताना खालून 'टक् टक् टक्' असा आवाज येतो. तो बिघाडाचा नसतो. मात्र वळणाच्या मध्येच ॲक्सिलरेटर दिला किंवा सोडला तर दात अचानक अडकतात, गाडीला हिसका बसतो आणि मागचा भाग किंचित बाजूला सरकतो. लांब गाडीत हे फारसे जाणवत नाही, परंतु जिप्सीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधले अंतर, २,३७५ मिलिमीटर आहे आणि एवढ्या आखूड गाडीत ओल्या घाटात तो हिसका चांगलाच जाणवतो. स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असलेल्या नव्या गाडीत हा प्रकार बसवू नये, कारण चाकांच्या गती वेगळ्या असतील हे गृहीत धरूनच ती व्यवस्था रचलेली असते.

चौथा प्रकार चालकाच्या इच्छेने लागणाऱ्या आणि सुटणाऱ्या लॉकरांचा. ऑस्ट्रेलियातल्या एआरबीचा एअर लॉकर हवेच्या दाबावर चालतो, ईटनचा ई-लॉकर विजेवर, आणि ऑक्स लॉकर केबलवर. बटण बंद असताना डिफरन्शियल पूर्ण ओपन राहते, म्हणून घाटात गाडी कंपनीच्या गाडीसारखीच वागते. बटण दाबले की शंभर टक्के लॉक. वागणुकीच्या दृष्टीने हा प्रकार सर्वोत्तम, यात दुमत नाही. हिशेब मात्र वेगळा सांगतो. लंचबॉक्स लॉकरच्या तुलनेत याची मूळ किंमतच तीन ते चार पट असते, हवेच्या प्रकाराला कॉम्प्रेसर आणि नळ्या लागतात, केज बदलल्याने क्राऊन-पिनियन नव्याने जुळवावे लागतात, आणि नळी दगडाला घासून फाटली किंवा आतली सील गळू लागली की लॉक लागत नाही.

चौथी पायरी: पुढे की मागे

चढावर गाडीचे वजन मागच्या एक्सलवर येते, त्यामुळे मागचा लॉकर जास्त कामाचा असतो; कंपन्याही म्हणूनच मागचा एक्सल निवडतात. परंतु आपोआप चालणारा लॉकर मागे बसवला की त्याचा स्वभाव रस्त्यावरच्या प्रत्येक किलोमीटरला सोसावा लागतो.

ज्या गाडीला पुढे फ्री-व्हीलिंग हब, म्हणजे पुढची चाके शाफ्टांपासून मोकळी करणारे जोड, आहेत आणि टू व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा एक्सल पूर्ण मोकळा राहतो, अशा जुन्या जीप किंवा जिप्सीसाठी पुढच्या एक्सलमध्ये लंचबॉक्स लॉकर ही माझ्या मते सर्वांत समंजस स्वस्त निवड आहे. रस्त्यावर हब मोकळे असल्याने लॉकर आहे हे जाणवतही नाही. पाणंदीला लागताना हब लावले, फोर व्हील ड्राइव्ह घातले की तो कामाला लागतो. तिरकस उचलीत कोणताही एक एक्सल लॉक असला की पुरते, हे वर सांगितलेच आहे. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. फोर व्हील ड्राइव्हमध्ये स्टिअरिंग जड होते आणि सारखे सरळ होऊ पाहते. आणि पुढच्या चाकांजवळचे वळते सांधे स्टिअरिंग पूर्ण वळलेले असताना सर्वांत कमजोर असतात, त्या स्थितीत जोरात ॲक्सिलरेटर दिला तर ते तुटतात. म्हणून पुढचा लॉकर असलेल्या गाडीत आधी चाके सरळ करावीत आणि मगच ताकद द्यावी.

दररोज घाट चढणारी, कुटुंबाला घेऊन फिरणारी एकच गाडी असेल आणि तिला असे हब नसतील, तर मागच्या एक्सलला चालकाच्या हातातला लॉकर घ्यावा, आणि त्याचे पैसे जमेपर्यंत थांबावे. घाईने मधला उपाय करू नये.

पाचवी पायरी: मापे स्वतः घ्या

माझे सर्वांत मोठे नुकसान या पायरीवर झाले. मी लॉकर मागवताना विक्रेत्याला फक्त गाडीचे नाव आणि वर्ष सांगितले. दीड महिन्याने परदेशातून खोके आले, मिस्त्रींनी जुना हाफ शाफ्ट बाहेर काढून नव्या चकतीत घालून पाहिला, आणि तो तोंडाशीच अडला. शाफ्टच्या टोकावरचे दात, म्हणजे स्प्लाइन, जुळत नव्हते. माझ्या जीपचा एक्सल आधीच्या मालकाने कधीतरी दुसऱ्या गाडीचा बसवलेला होता. विक्रेत्याने माल परत घेतला नाही आणि भरलेली कस्टम ड्युटी तर गेलीच.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत असे अदलाबदल सर्रास झालेले असतात. त्यामुळे लॉकर मागवण्यापूर्वी एक्सल उघडून पुढील गोष्टी मोजाव्यात. दोन्ही हाफ शाफ्टांच्या स्प्लाइनचे दात खडूने एका दातावर खूण करून मोजावेत आणि शाफ्टचा व्यास व्हर्नियरने घ्यावा. क्राऊन आणि पिनियनचे दात मोजून त्यांचे गुणोत्तर काढावे, कारण काही केज ठरावीक गुणोत्तरांपुरतेच बसतात. केजमधल्या आडव्या पिनचा व्यास घ्यावा आणि ती पिन बाहेर काढायला जागा आहे का ते पाहावे. लंचबॉक्स लॉकर बसणार की नाही हे बऱ्याचदा त्यावरच ठरते. प्रत्येक गोष्टीचा पट्टीसह फोटो काढून विक्रेत्याला पाठवावा आणि "बसेल" हे उत्तर लेखी घ्यावे.

भंगारातून किंवा अपघातग्रस्त गाडीतून निघालेला कंपनीचा लॉक स्वस्तात मिळू शकतो, आणि तो चांगला पर्यायही आहे. मात्र तो घेताना हीच मापे लावावीत, दातांच्या कडा गोल झाल्या आहेत का ते बोटाने चाचपावे आणि शक्य असेल तर क्राऊन-पिनियनसह पूर्ण जोडच घ्यावा.

सहावी पायरी: खरी बेरीज करा

लॉकरची किंमत हा खर्चाचा एक भाग आहे. त्यात वाहतूक, कस्टम ड्युटी, नवीन बेअरिंग, ऑइल सील, गॅस्केट, तेल आणि मजुरी मिळवावी. यानंतर हाफ शाफ्टांचा विचार करावा. ओपन डिफरन्शियलमध्ये एका शाफ्टवर एक्सलच्या निम्म्यापेक्षा जास्त ताकद येत नाही. लॉक झाल्यावर मात्र एक चाक हवेत असेल तर सारी ताकद दुसऱ्या एकट्या शाफ्टवर येते. मूळ मापाचे टायर असलेली गाडी संयमाने चालवली तर बहुधा निभावते. ज्यांनी टायर बरेच मोठे केले आहेत, त्यांनी जास्तीच्या एका हाफ शाफ्टचे पैसे पहिल्याच दिवशी बेरजेत धरावेत.

कागदपत्रांबाबत एवढेच सांगतो की मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. लॉकरबाबत सातारा, कराड किंवा सांगलीच्या आपापल्या परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी, विमा कंपनीला लेखी कळवावे, आणि गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटी संपेपर्यंत एक्सल उघडू नये.

सातवी पायरी: बसवून घेणे

जिप्सीच्या एक्सलमधून क्राऊन-पिनियनसह डिफरन्शियलचा पूर्ण गोळा बोल्ट काढून बाहेर येतो आणि तो बाकावर ठेवून काम करता येते. जुन्या जीपच्या एक्सलला मागे झाकण असते. ते काढून गाडीखाली बसूनच काम करावे लागते. मिस्त्री निवडताना हा फरक ध्यानात ठेवावा.

लंचबॉक्स लॉकर बसवताना दोन मध्यचकत्यांमधले अंतर फीलर गेजने, म्हणजे पातळ पात्यांच्या मापाने, मोजून ते सूचनापत्रकातल्या मर्यादेत आहे याची खात्री करावी. ते जास्त भरले तर केज झिजलेले आहे, आणि तसेच बसवले तर दात अर्धवट अडकून तुटतात. केज बदलण्याच्या प्रकारात क्राऊन आणि पिनियनमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, डायल गेज लावूनच बसवली पाहिजे. ती बहुतेक गाड्यांत साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असते, आणि नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. दातांना रंग लावून संपर्काचा ठसा दाताच्या मध्यावर येतो का तेही पाहावे. "हाताला कळतंय, गेज कशाला?" असे म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे अनुभव कितीही असला तरी हे काम देऊ नये. पाव मिलिमीटरचा फरक हाताला कळत नाही. तो महिन्याभराने एक्सलच्या रडण्यातून कळतो.

झाकण लावण्यापूर्वी हौसिंग डिझेलने धुऊन, तळाच्या मॅग्नेटवरची कीस पुसून काढावी आणि पुस्तिकेत सांगितलेले जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल भरावे.

आठवी पायरी: चाचणी आणि पहिले हजार किलोमीटर

आपोआप लॉकर बसवल्यावर गाडी स्टँडवर असतानाच तो तपासता येतो. मागचा एक्सल असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवावी. पुढचा असेल तर त्यासोबत फोर व्हील ड्राइव्ह आणि हबही लावावेत. दोन्ही चाके एकाच दिशेने अडेपर्यंत फिरवावीत, एक चाक सोबत्याने तसेच धरून ठेवावे आणि दुसरे उलट दिशेने फिरवावे. ते टक् टक् करत सुटून फिरले पाहिजे. हीच कृती दोन्ही चाकांनी आणि दोन्ही दिशांनी करावी. चारांपैकी एकाही वेळी चाक सुटले नाही तर गाडी रस्त्यावर नेऊ नये, कारण तो लॉकर त्या बाजूला वेल्डिंगसारखाच वागेल. हातातला लॉकर असेल तर बटण बंद असताना चाके उलटसुलट फिरतात आणि चालू केल्यावर एकत्र फिरतात, एवढे पाहिले की पुरे. हवेच्या लॉकरमध्ये कॉम्प्रेसर बंद करून दाब किती वेळ टिकतो तेही पाहावे.

नंतर मोकळ्या मैदानात तासभर सराव करावा. लॉक अडथळ्याच्या आधी, चाके थांबलेली किंवा अगदी सावकाश फिरत असताना लावावा. चाक जोरात फिरत असताना बटण दाबले तर दात तुटतात. अडथळा सरळ रेषेत पार करावा आणि पलीकडे जाताच लॉक काढावा. तात्या ट्रॅक्टरचे पेडल बांधाशी वळण्यापूर्वी सोडतात, त्याचे कारण हेच. सुरुवातीला लॉक सुटायला वेळ लागल्यासारखे वाटले तर गाडी थोडी पुढेमागे करावी, म्हणजे शाफ्टांमधला पीळ निघतो.

आडव्या उताराबाबत विशेष सावध राहावे. ओपन डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरले तरी दुसरे जमीन धरून राहते. लॉक असताना दोन्ही चाके एकदम सुटतात आणि गाडीचा मागचा भाग उताराच्या बाजूला सरकतो. डोंगरउतारावरच्या पाणंदीत दरी ज्या बाजूला असेल त्या बाजूला झुकलेल्या वाटेवर, विशेषतः लाल चिखलात, लॉक बंदच ठेवावा.

सरावासाठी जागा निवडताना कासच्या आणि चाळकेवाडीच्या सड्यांपासून, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यांपासून, दूर राहावे. जांभ्यावर जेमतेम बोटभर मातीचा थर असतो, त्यावर फिरलेल्या चाकाने खरवडलेली जागा वर्षानुवर्षे भरून येत नाही, आणि कास पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. गावातल्या कोणाचे पडीक रान विचारून घ्यावे. रब्बीच्या पेरणीपूर्वी किंवा ऊस गेल्यावर लोक आनंदाने देतात.

सुमारे ८०० किलोमीटर झाल्यावर तेल गरम असतानाच सोडावे आणि ते पांढऱ्या फडक्यातून गाळून पाहावे. करड्या पिठासारखी बारीक कीस दिसली तर ती नव्या दातांच्या बसण्याची आहे, नवे तेल भरून गाडी वापरावी. नखाने उचलता येईल असा एखादा चकाकता तुकडा फडक्यावर राहिला, तर झाकण परत लावू नये आणि त्याच मिस्त्रींना बोलावून तो तुकडा कोणत्या दाताचा आहे ते आधी शोधून काढावे.